कांजिण्या आल्या, पाळणाघर बंद ठेवू का?

प्रश्न: सिंहगड रोडवरच्या सोसायटीत दोन खोल्यांत माझं पाळणाघर आहे. १४ मुलं, दीड ते सहा वर्षांची. सोमवारी, ९ फेब्रुवारीला, दुपारी कपडे बदलताना चार वर्षांच्या एका मुलाच्या पोटावर आणि पाठीवर पाण्याचे फोड दिसले. डॉक्टरांनी कांजिण्या सांगितल्या. शनिवारीही तो दिवसभर इथेच होता. दोघी मदतनीस आहेत, त्यातल्या एकीला चौथा महिना आहे. पालकांच्या ग्रुपवर सकाळपासून वाद चालू आहे. अर्धे म्हणतात तीन आठवडे बंद ठेवा, अर्धे म्हणतात मग आम्ही कामावर कसं जायचं. एका मुलीची आजी म्हणते, येऊन गेल्या की बरं. एका वडिलांनी विचारलं की लशीवर दोन-दोन हजार घालण्यात अर्थ आहे का. बंद ठेवू का? फवारणी करून घेऊ का? आणि फीचं काय करू?

उत्तर:

ताई, पत्र मंगळवारी रात्री मिळालं. यातल्या दोन गोष्टींना मुदत आहे, म्हणून बुधवारी सकाळीच लिहीत आहोत.

सगळ्यात आधी तुमच्या त्या मदतनीस बाई. त्यांना आज एकच गोष्ट विचारायची: लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का? त्यांच्या आईला किंवा मोठ्या बहिणीला फोन लावून विचारलं तर उत्तर जास्त खात्रीचं मिळतं. कपाळावर किंवा पाठीवर जुना खड्डा असेल तर तोही दाखवतील. नक्की येऊन गेल्या असतील तर काळजीचं कारण नाही. ‘आठवत नाही’ किंवा ‘नाही’ असं उत्तर आलं तर आजच त्यांच्या प्रसूतितज्ज्ञांना कळवून रक्ताची तपासणी करायची. लॅबमध्ये तिला व्हॅरिसेला आयजीजी म्हणतात. आठवत नाही म्हणणाऱ्या बऱ्याच जणींच्या रक्तात संरक्षण सापडतं, त्यामुळे रिपोर्टच्या आधी रडारड नको. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर मात्र इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन द्यायचं की विषाणूविरोधी गोळ्या, हे डॉक्टर ठरवतील. इंजेक्शन संपर्कापासून दहा दिवसांच्या आत आणि जितकं लवकर तितकं चांगलं. त्यांचा पहिला संपर्क शनिवारचा, म्हणजे ही मुदत १७ तारखेला संपते. ते सहज मिळत नाही आणि स्वस्तही नाही, म्हणून शोधाशोधीला दिवस लागतात हे धरून चाला. गरोदरपणात लस चालत नाही, ती जिवंत विषाणूची असते. पहिल्या २० आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर बाळात व्यंग राहण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. जास्त धास्ती आईच्या फुफ्फुसांची असते, कारण मोठ्या माणसांत आणि त्यातही गरोदर बाईत कांजिण्यांचा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. संरक्षण नसेल तर साथ संपेपर्यंत त्यांनी पाळणाघरात येऊ नये. पगार चालू ठेवा. तो कापला तर त्या आठव्या दिवशी न सांगता कामावर येतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल.

हाच प्रश्न पालकांनाही विचारा. १४ मुलांच्या घरांत कुणीतरी गरोदर असेल, कुणाकडे महिन्याचं बाळ असेल, कुणाची केमोथेरपी किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील.

दुसरी मुदत लशीची. कांजिण्यांच्या मुलाशी संपर्क आल्यावर तीन दिवसांत लस टोचली तर रोग बऱ्याचदा टळतो किंवा हलका येतो, आणि पाच दिवसांपर्यंतही उपयोग होतो. शनिवारपासूनचे पाच दिवस उद्या, गुरुवारी, भरतात. सोमवारच्या संपर्काचे तीन दिवसही उद्याच. म्हणून ज्यांना द्यायची आहे त्यांनी आज संध्याकाळी किंवा उद्या बालरोगतज्ज्ञांकडे जावं. गुरुवार हुकला तरी लस वाया जात नाही. या फेरीत, म्हणजे या एका मुलापासून होणाऱ्या लागणीत, तिने वाचवलं नाही तरी पुढच्या फेरीत ती वाचवेल, आणि पुढची फेरी येणार हे गृहीत धरायचं.

त्यासाठी आज रात्रीपर्यंत सगळ्यांकडून लसीकरण कार्डाचे फोटो मागवा. इथे एक घोळ हमखास होतो. ‘गोवराची लस झालीय’ असं पालक अगदी खात्रीने सांगतात. महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. खासगीत एमएमआर मिळते, त्यात गालगुंड जास्तीचं. कांजिण्या दोन्हींत नाहीत. कार्डावर ‘व्हॅरिसेला’ किंवा ‘चिकनपॉक्स’ असं लिहिलेलं हवं, किंवा चार अक्षरांची एमएमआरव्ही. ही लस सरकारी वेळापत्रकात नाही, म्हणून ज्याने स्वतः पैसे भरले त्याच्याच कार्डावर ती सापडेल. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोस सांगते, पहिला १५ महिन्यांना आणि दुसरा १८ ते १९ महिन्यांना. एक डोस झालेल्या मुलाला तीन महिने उलटून गेले असतील तर दुसरा आत्ताच देऊन टाकावा. अलीकडे एमएमआर घेतली असेल तर तारीख डॉक्टरांना दाखवा. दोन जिवंत लशी एक तर एकाच दिवशी द्याव्या लागतात किंवा मध्ये २८ दिवस सोडावे लागतात.

आता बंद ठेवण्याबद्दल. कॅलेंडर समोर घ्या.

संपर्कापासून अंगावर फोड येईपर्यंत १० ते २१ दिवस जातात, बहुतेकांत १४ ते १६. फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल दुसऱ्यांना लागण देऊ लागतं आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत देत राहतं. तुमच्याकडे संपर्क ७ आणि ९ तारखेचा. म्हणजे दुसऱ्या फेरीतलं पहिलं मूल लवकरात लवकर १७ फेब्रुवारीला दिसेल, शेवटचं २ मार्चला, आणि गर्दी होईल ती २१ ते २५ च्या दरम्यान. याचा सरळ अर्थ असा की आज बुधवारपासून शनिवारपर्यंत तुमच्या पाळणाघरात, त्या एका मुलाला वगळलं तर, कुणीही कुणाला लागण देत नाहीये. घाबरून या चार दिवसांना कुलूप लावलं तर ते दिवस निव्वळ फुकट जातील. आणि नेमके २१ ते २५ आले की पालकांच्या रजा संपलेल्या, मग मूल अंगात ताप असतानाही तुमच्या दारात. पाळणाघरांत दरवेळी हेच होताना दिसतं: कुलूप आठवडाभर आधी लागतं आणि आठवडाभर आधीच निघतं.

याला एक अपवाद आहे. त्या मुलाला कुठून आलं हे विचारा. गेल्या दोन-तीन आठवड्यांत सोसायटीत, बालवाडीत कुणाला झालं होतं का? घरातल्या आजोबांना नागीण उठली आहे का? नागीण म्हणजे हाच विषाणू, लहानपणीच्या कांजिण्यांनंतर मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहिलेला. उघड्या नागिणीच्या फोडांतून नातवाला कांजिण्या होऊ शकतात. उगम तुमच्याच दुसऱ्या एखाद्या मुलाच्या घरी किंवा सगळी मुलं खेळतात त्या बागेत असेल तर वरच्या तारखा आणखी अलीकडे येतील.

म्हणून आमचं मत: चालू ठेवा. बंद केलं तरी मुलं घरात बसत नाहीत. ती शेजारच्या काकूंकडे जातात, दुसऱ्या पाळणाघरात जातात, आणि साथ दोन जागी होते. मात्र साथ संपेपर्यंत लस न झालेलं नवीन मूल घेऊ नका. खोल्या दोन आहेत, तर गट दोन करा. ज्यांना कांजिण्या येऊन गेल्या किंवा दोन्ही डोस झाले ते एका खोलीत, बाकीचे दुसऱ्या खोलीत, आणि प्रत्येक खोलीची बाई ठरलेली. खिडक्या उघड्या. हा रोग हवेतून जातो. घरात एकाला झाला तर संरक्षण नसलेल्या भावंडांपैकी दहातल्या नऊपर्यंत जणांना होतो. पाळणाघरात प्रमाण थोडं कमी असतं, पण दुपारी एकाच सतरंजीवर झोपणाऱ्या मुलांत फार कमी नसतं.

सोमवार १६ पासून रोज सकाळी दाराशीच, आईबाबा निघून जायच्या आत, मुलाचं बनियन वर करून पोट आणि पाठ पाहा. मग केसांत बोटं फिरवून टाळू, मग कानामागे. कांजिण्या धडावर, चेहऱ्यावर आणि केसांत आधी उठतात. सुरुवातीला डास चावल्यासारखा लाल ठिपका असतो. काही तासांत त्यावर पाण्याचा थेंब ठेवल्यासारखा पातळ फोड येतो, भोवती लाली. दुसऱ्या दिवशी खरी ओळख पटते: एकाच जागी लाल ठिपका, पाणीदार फोड, गढूळ फोड आणि खपली असं सगळं एकत्र दिसतं. पाळणाघरांत याची गल्लत हात-पाय-तोंडाच्या रोगाशी फार होते. त्यात फोड तळहात, तळपाय, तोंडाच्या आत आणि ढुंगणावर असतात, पोट बहुधा स्वच्छ असतं. लस झालेल्या मुलाला कांजिण्या झाल्या तर ओळखणं कठीण जातं. ५० पेक्षा कमी पुटकुळ्या, पाणी फारसं नाही, ताप नाहीच. लस नसलेल्याला २५० ते ५०० फोड येतात. ते हलकं मूलही लागण देऊ शकतं, म्हणून ‘लस झालीय, हे घामोळं असेल’ असं म्हणून सोडून देऊ नका. फेब्रुवारीत कुठलं घामोळं?

घरी गेलेलं मूल परत कधी घ्यायचं? शेवटच्या फोडावर कोरडी खपली धरली की. साधारण सहावा-सातवा दिवस. खपल्या गळून पडेपर्यंत थांबायचं नाही. तो नियम देवीच्या रोगाचा होता. देवीचा रुग्ण शेवटची खपली पडेपर्यंत लागण देत असे. देवी १९७५ नंतर भारतातून गेल्या, नियम मात्र घराघरांत राहिला आणि कांजिण्यांना चिकटला. खपल्या पडायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या हट्टापायी घरातल्या एका कमावत्या माणसाचे दहा-बारा दिवस विनाकारण जातात.

यावरून त्या वडिलांचा प्रश्न. कांजिण्यांचा खर्च औषधांत नसतो, खाड्यांत असतो. एक उदाहरण मांडतो, आकडे तुमच्या पालकांचे घालून पाहा. घरात चार आणि दोन वर्षांची दोन मुलं, आईला रोज ₹७०० पडतात, खाडा झाला की मजुरी नाही. मोठ्याला फोड उठले: सहा खाडे. दोन आठवड्यांनी धाकट्याला: आणखी सहा. १२ खाड्यांचे ₹८,४००. डॉक्टरांच्या चार फेऱ्या ४०० च्या हिशोबाने ₹१,६००, औषधं दोघांची मिळून ₹१,०००. एकूण ₹११,०००, त्यात दवाखाना आणि औषध मिळून पाव हिस्साही नाही. लशीचा एक डोस खासगीत साधारण दोन हजारांच्या आगेमागे पडतो. दोन मुलांचे चार डोस ₹८,०००, आणि आज त्यातले फक्त पहिले दोन, बाकीचे तीन महिन्यांनी. एक डोस १०० पैकी ८० ते ८५ मुलांना वाचवतो, दोन डोस ९० च्या वर. म्हणजे तराजू लशीकडे झुकतो, पण फार नाही. तो पार झुकतो ते वडिलांना झाल्या तर. मोठ्या माणसाला ताप जास्त, फोड जास्त, आणि १० ते १४ दिवस सहज जातात. चाकण-भोसरीत कामाला असणाऱ्या ज्यांचा ईएसआय (कामगार विमा) कापला जातो त्यांना आजारपणाचा भत्ता मिळतो, पण सरासरी मजुरीच्या ७० टक्के आणि बहुधा पहिले दोन दिवस सोडून. रोज ₹६०० पडणाऱ्याचे १२ दिवस गेले तर ७,२०० बुडतात आणि हातात ४,२०० येतात. तेही ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला असेल तर. मुलाच्या आजारपणासाठी घरी राहिलात तर हा भत्ता नाही. म्हणून ज्या आईवडिलांना लहानपणी कांजिण्या आल्या नाहीत त्यांनी मुलाबरोबर स्वतःचंही पाहावं. १३ वर्षांवरच्या कुणालाही दोन डोस, मध्ये चार ते आठ आठवडे. बाईने लशीनंतर एक महिना गर्भधारणा टाळावी. तुम्ही स्वतः आणि दुसऱ्या मदतनीस बाई, तुमचंही विचारून घ्या.

अमेरिकेत १९९५ मध्ये ही लस सुरू झाली, त्याआधी तिथे वर्षाला सुमारे ४० लाख जणांना कांजिण्या होत आणि १०० ते १५० मृत्यू. लशीचे पैसे सरकारने का घालावेत याच्या तिथल्या हिशोबातही मोठा वाटा आईबापांच्या बुडालेल्या कामाचाच होता. मग आपल्याकडे सरकारी वेळापत्रकात का नाही, असं पालक विचारतील. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची भूमिका अशी होती की ८० टक्के मुलांना सातत्याने देता येणार असेल तरच सुरू करा. अर्धवट दिली तर साथी कमी होतात पण थांबत नाहीत, आणि उरलेल्यांना रोग मोठेपणी गाठतो, जेव्हा तो जास्त वाईट असतो. ती अडचण धोरणाची आहे. तुमच्या मुलाला लस न देण्याचं ते कारण होत नाही.

आजींना काय सांगायचं? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: बहुतेक निरोगी मुलांत हा आजार आठवड्यात जातो, आणि लहानपणी येऊन गेलेला मोठेपणीपेक्षा बरा. पण कुणाचं मूल हजारातलं ते एक निघेल, ज्याच्या फोडात पू होऊन रक्तात पसरेल किंवा मेंदूला सूज येईल, हे आधी कळत नाही. शिवाय मुद्दाम आणलेल्या कांजिण्या त्या मुलापाशी थांबत नाहीत, त्या तुमच्या गरोदर बाईंपर्यंत जातात. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवला तर काही बिघडत नाही. वाटून फुटलेल्या फोडांवर थापू नये. फोडणी बंद ठेवायची असेल तर ठेवा, पण मुलाचं दूध, वरण, अंडं बंद करू नका. आणि आंघोळ बंद तर मुळीच नाही. रोज कोमट पाण्याने पाच मिनिटं, पंचाने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. पू होतो तो न धुतलेल्या अंगामुळे आणि वाढलेल्या नखांमुळे. नखं पहिल्याच दिवशी कापा.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी, दिवसात चारदा. १६ किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम. बाटलीवरचा आकडा वाचा: ५ मिलीत २५० असेल तर पाच मिलीला थोडं कमी, १२० किंवा १२५ असेल तर साधारण दहा मिली. अर्धा डोस किंवा दुप्पट डोस जातो तो इथेच. आयबुप्रोफेन नको, त्याने त्वचेखाली खोलवर जिवाणूंची लागण होण्याचा धोका वाढतो. आणि आपल्याकडे ते पॅरासिटामॉलबरोबर एकाच बाटलीत मिसळून सर्रास विकलं जातं, तेव्हा मागचं लेबल पाहा. ॲस्पिरिन अजिबात नको, त्याने यकृत आणि मेंदूला इजा होणारा रेय सिंड्रोम होऊ शकतो. खाजेला कॅलामाइन, डोळे आणि तोंड सोडून. मेडिकलवाला खाजेची ट्यूब देईल, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, ती लावू नका.

चार दिवसांपेक्षा जास्त ताप, किंवा उतरून पुन्हा चढलेला ताप; फोडाभोवती गरम, दुखरी, पसरत जाणारी लाली; धाप; चालताना झोकांड्या; गुंगी; मान आखडणं; सारख्या उलट्या; फोडांत रक्त. यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता दवाखाना. मोठ्या माणसाने मात्र पहिला फोड दिसल्याच्या दिवशीच डॉक्टर गाठावा, कारण विषाणूविरोधी गोळ्यांचा गुण २४ तासांत सुरू केल्या तर येतो.

फवारणी करू नका, पैसे वाया. हा विषाणू फरशीवर फार टिकत नाही. खेळणी साबणाने, चादरी प्रत्येकाच्या वेगळ्या, बस्स.

फी. आजारी मुलाच्या दिवसांची घेऊ नका. पूर्ण परवडत नसेल तर अर्धी सोडा. हा चांगुलपणा नाही, तुमच्याच फायद्याचा हिशोब आहे. ज्या आईचा खाडाही जातो आणि फीही जाते ती सकाळी आठला पॅरासिटामॉल पाजून मूल सोडते, साडेअकराला ते तापतं आणि तोवर खोलीभर लागण झालेली असते. ग्रुपवर आज एवढंच टाका, मुलाचं नाव न घेता:

‘नमस्कार. आपल्या पाळणाघरात एकाला कांजिण्या झाल्या आहेत. पाळणाघर चालू राहील. लसीकरण कार्डाचा फोटो आज रात्री मला एकटीला पाठवा. लस झाली नसेल तर उद्यापर्यंत तुमच्या डॉक्टरांना भेटा. घरात कुणी गरोदर असेल, महिन्याचं बाळ असेल, कॅन्सरचे उपचार किंवा स्टेरॉइड चालू असतील तर मला फोन करा. १६ तारखेपासून सकाळी दाराशी मुलाला पाहूनच घेऊ, दोन मिनिटं थांबावं लागेल. ताप किंवा फोड असेल तर घरी ठेवा, त्या दिवसांची फी नाही.’

पाच-सहा मुलं एकदम निघाली तर जवळच्या महापालिका दवाखान्याला कळवा, साथीची नोंद तिथून होते.

आणि २ मार्चला वही मिटू नका. समजा २३ फेब्रुवारीला दुसऱ्या मुलाला फोड दिसले आणि ते २१ लाही आलं होतं, तर तिसरी फेरी ३ ते १६ मार्च, म्हणजे पाडव्याच्या तोंडाशी. वहीत प्रत्येक आजारी मुलापुढे दोन तारखा लिहा, फोड दिसल्याची आणि पाळणाघरातल्या शेवटच्या दिवसाची. शेवटच्या आजारी मुलाच्या दुसऱ्या तारखेत २१ मिळवा. तोवर रोज सकाळी बनियन वर.